कामाच्या ठिकाणचे तंत्रज्ञान आणि आपला वेळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संगणक, फोन आणि त्यांवर चालणारी डझनभर ॲप्स घेऊन काम करणारी माणसे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. त्यांमागची धारणा आधीच सांगितलेली बरी. वेळ पुरत नाही या तक्रारीच्या मुळाशी बहुतेकदा एकच गोष्ट सापडते: कोणत्या निरोपाला किती वेळात उत्तर द्यायचे हे कोणीच ठरवलेले नसते, आणि जे माणसे ठरवत नाहीत ते यंत्राच्या मूळ सेटिंगमधून आपोआप ठरून जाते. काही ठिकाणी कामच माणसांच्या मानाने जास्त असते, हेही खरे. तेथे नोटिफिकेशन बंद करून काही साधणार नाही. माणसे वाढवावी लागतील किंवा काम कमी करावे लागेल.

दिवसभर मान वर करायला फुरसत नसते, तरी संध्याकाळी ‘आज काय झाले?’ याचे उत्तर सापडत नाही. असे का होते?

हे समजून घेण्यासाठी एकदा मी माझ्याच पन्नास मिनिटांची नोंद ठेवली. एका अहवालातला चार परिच्छेदांचा भाग लिहायचा होता. दहा वाजून दहा मिनिटांनी फाइल उघडली. दहा-चौदाला पडद्याच्या कोपऱ्यात मेलची पट्टी सरकली. मेल बैठकीची वेळ बदलल्याचा होता, म्हणून कॅलेंडर उघडले. तेथे दुसऱ्याच एका बैठकीला होकार द्यायचा राहिलेला दिसला, तो दिला, आणि फाइलवर परतलो तेव्हा दहा-एकवीस झाले होते. मागे सोडलेले अर्धे वाक्य कोठे चालले होते ते आठवेना, म्हणून परिच्छेद पहिल्यापासून वाचला. दहा-सव्वीसला ग्रुपवर कोणीतरी विचारले, ‘ती मागच्या वर्षीची फाइल कोणाकडे आहे का?’ ती माझ्याकडे होती. शोधून पाठवायला सहा मिनिटे लागली, आभाराच्या मेसेजला उत्तर द्यायला अर्धे, आणि त्याच ग्रुपमध्ये वर सरकलेले कालचे मेसेज वाचण्यात आणखी पाच. अकरा वाजता हाती दीड परिच्छेद होता.

या पन्नास मिनिटांत आळस कोठेच नव्हता. प्रत्येक गोष्ट कामाचीच होती, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कोणाची तक्रार करता येत नाही. नुकसान होते ते एका कामावरून दुसऱ्यावर जाण्याच्या उंबरठ्यावर. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की पहिले काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाचे काही लक्ष पहिल्यातच अडकून राहते आणि दुसरे काम त्यामुळे कमी दर्जाचे होते. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग त्याहून मजेदार आहे. व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उशिरा नव्हे, थोडे लवकरच संपवले; मात्र त्यांना ताण, वैताग आणि घाईची भावना जास्त जाणवली. मधला वेळ भरून काढण्यासाठी माणूस नकळत वेग वाढवतो, म्हणून कामाच्या नोंदीत सारे ठीक दिसते आणि घरी पोहोचेपर्यंत अंगातले त्राण गेलेले असते.

एका वेळी अनेक कामे करण्याची सवय झाली की हा त्रास कमी होत नाही का?

सरावाने थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. रॉजर्स आणि मॉनसेल यांनी १९९५ मध्ये केलेल्या प्रयोगांत काम कधी बदलणार आहे हे लोकांना आधीपासून माहीत होते, तयारीला वेळही मिळत होता, तरी बदलानंतरच्या पहिल्या कृतीला अधिक वेळ लागतच राहिला. कपड्यांच्या घड्या घालताना गाणे ऐकणे निराळे. दोन्ही कामांना शब्द लागत असतील, तर दोन्ही एकदम होत नाहीत. ती आळीपाळीने होतात आणि आपण त्याला एकदम म्हणतो.

नोटिफिकेशन बंद केली तर महत्त्वाचे काही सुटणार नाही का?

सगळी बंद करण्याची गरज नसते. ज्यांच्याकडे लगेच पाहावे लागते अशी नोटिफिकेशन बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीनच असतात: फोनची घंटी, पुढच्या बैठकीची आठवण, आणि आपल्या जबाबदारीची एखादी यंत्रणा बंद पडल्याचा इशारा. ही चालू ठेवावीत. मेलचा आवाज, पडद्यावर सरकणारी पट्टी, ॲपच्या चित्रावरचा लाल आकडा आणि कोणीतरी आपल्या मेसेजला अंगठा दाखवल्याची वार्ता यांतले काहीही त्या क्षणी कळले नाही म्हणून बिघडत नाही.

लाल आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आवाज बंद करणारे पुष्कळ लोक तो तसाच ठेवतात. फोन हातात घेतला होता वेळ पाहायला. दिसला सतराचा आकडा, आणि वेळ काय झाली ते न पाहताच फोन खाली ठेवला गेला. असे माझे इतक्यांदा झाले आहे की आता फोनवर एकाही ॲपला आकडा दाखवण्याची मुभा नाही.

यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. वापराचा वेळ दाखवणारी आणि मर्यादा घालू देणारी सोय ॲपलच्या आणि अँड्रॉइडच्या फोनवर २०१८ पासून मिळू लागली. ठरावीक तासांत ठरावीक माणसांचेच फोन येऊ देण्याची व्यवस्थाही दोन्हींकडे आहे. सेटिंग बदलायला दहा मिनिटे लागतात. अडचण असलीच तर ती पुढच्या दोन दिवसांची असते, कारण आवाज येत नसला तरी हात फोनकडे जातच राहतो.

मेल दिवसातून किती वेळा पाहावेत?

तीन वेळा पाहणे बहुतेक कामांना पुरते. हा आकडा हवेतला नाही. कोस्टादिन कुश्लेव्ह आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल पाहायला सांगितले आणि एक आठवडा हवे तितक्यांदा पाहू दिले. मर्यादेच्या आठवड्यात लोकांना रोजचा ताण कमी जाणवला. तीनदाहून अधिक वेळा पाहण्याचा मोह आवरणे मात्र जड गेले, ही त्यातली प्रांजळ बाब.

मेलच्या मूळ स्वरूपातच ही सवड आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवला आणि पत्त्यात माणूस व यंत्र वेगळे दाखवण्यासाठी ‘ॲट’चे चिन्ह निवडले. घेणारा त्या क्षणी जागेवर नसला तरी निरोप पोहोचतो आणि तो सवडीने वाचतो, यातच त्या सोयीचा सारा उपयोग होता. खिशातल्या फोनवर मेल आपणहून येऊन आदळू लागला तेव्हा ती सवड गेली.

ज्यांचे काम ग्राहकांच्या मेलना उत्तरे देण्याचेच आहे, त्यांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी मेल हा व्यत्यय नाही. इतर सगळे व्यत्यय आहेत.

उत्तर ताबडतोब दिले नाही तर वरिष्ठ नाराज होतील. त्याचे काय?

बहुतेकांचे गाडे येथेच अडते, म्हणून याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे.

पूर्वी मी जेथे काम करत होतो तेथे आमच्या विभागप्रमुख बाई रात्री साडेदहाच्या सुमारास ग्रुपवर मेसेज टाकत. आम्ही नऊजण होतो आणि पाच मिनिटांत नऊ उत्तरे जात. हे वर्षभर चालले. एकदा सहज बोलताना एका सहकाऱ्याने विचारले, ‘मॅडम, रात्रीचे मेसेज सकाळी पाहिले तर चालतील का?’ बाई चकित झाल्या. मुले झोपल्यावर दुसऱ्या दिवशीचे काय काय आठवते ते विसरू नये म्हणून त्या लिहून टाकत होत्या. लगेच येणारी उत्तरे पाहून त्यांना वाटत होते की या मंडळींना रात्री काम करायला आवडते. दोन्ही बाजू वर्षभर एकमेकांच्या मनातले ओळखून वागत होत्या आणि दोन्ही बाजूंचे ओळखणे चुकलेले होते.

प्रत्येक वेळी गोष्ट इतकी सरळ नसते. खरोखरच पाच मिनिटांत उत्तर मागणारे वरिष्ठही असतात. पण अपेक्षा विचारून घेतल्याशिवाय ती कोणत्या प्रकारची आहे हे कळत नाही, आणि विचारणे बहुतेक जण टाळतात. विचारताना ‘मला त्रास होतो’ येथून सुरुवात करण्यापेक्षा व्यवस्थाच सुचवावी. आम्ही पुढे जी ठरवली ती अशी: अर्ध्या तासात हवे असेल तर फोन करायचा, त्याच दिवशी हवे असेल तर चॅटवर लिहायचे, बाकी सर्व मेलवर, आणि मेलला पुढच्या कामाच्या दिवसाअखेर उत्तर. तातडीचे काय ते फोनवरच येणार अशी खात्री झाली की मेल न पाहता दोन तास बसण्यात धाकधूक राहत नाही.

वरिष्ठांशी असे ठरवता येत नसेल, तर स्वतःपुरते सांगून ठेवता येते. मेलच्या शेवटी सहीखाली एवढे पुरते: ‘मी सकाळी साडेनऊ, दुपारी एक आणि साडेचार वाजता मेल पाहतो. त्याआधी काही हवे असल्यास कृपया फोन करावा.’ हे लिहिल्यावर फोनांचा भडिमार होईल अशी मला भीती होती. पहिल्या महिन्यात असे चार फोन आले, आणि चारही खरोखर फोनचेच विषय होते. मेल लिहिणाऱ्याला फोन उचलायला सांगितले की ‘एवढे काही घाईचे नाही’ हे बहुधा त्याचे त्यालाच उमगते.

आपण निरोप पाठवतो तेव्हाही हाच नियम उलट बाजूने पाळावा. विषयात ‘तातडीचे’ असे लिहिण्यापेक्षा ‘शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर हवे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला आपला दिवस लावता येतो. ‘तातडीचे’ हा शब्द ज्याच्या प्रत्येक मेलवर असतो, त्याचे मेल लोक सर्वांत शेवटी उघडतात.

इनबॉक्स रोज रिकामा केलाच पाहिजे का?

नाही. वाचून झालेला मेल इनबॉक्समध्ये पडून राहिला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, आणि शोधण्याची सोय चांगली असल्यामुळे तीस फोल्डर करून प्रत्येक मेल जागच्या जागी लावण्यात जाणारा वेळ सहसा परत मिळत नाही. काम शिल्लक असलेले मेल वेगळे दिसले पाहिजेत, एवढे पुरे.

करायच्या कामांची यादी वहीत ठेवावी की ॲपमध्ये?

कोठेही ठेवावी, पण एकाच ठिकाणी ठेवावी. यादी फसते ती साधनामुळे क्वचितच. कामे चार ठिकाणांहून येतात आणि त्यांतली दोनच यादीपर्यंत पोहोचतात, हे खरे कारण असते. जिन्यात भेटलेल्या सहकाऱ्याला ‘हो, पाठवतो’ म्हटले जाते, चॅटवर अंगठा दाखवून काम स्वीकारले जाते, आणि दोन्हींची नोंद कोठेच होत नाही. एका कराराच्या मसुद्यावर शेरे देण्याचे मी असेच चॅटवर कबूल केले होते. पुढच्या तीन दिवसांत त्या मेसेजवर ऐंशी-नव्वद मेसेज चढले, मसुदा माझ्या शेऱ्यांवाचून पुढे गेला, आणि त्यातली एक चुकीची तारीख दुरुस्त करायला नंतर तिघांचा अर्धा दिवस गेला. तेव्हापासून ‘हो’ म्हणण्याआधी यादीत ओळ लिहायची असा मी नेम केला आहे. समोरच्याला त्यामुळे दहा सेकंद थांबावे लागते; कोणी आजवर हरकत घेतलेली नाही.

यादीतली ओळ कशी लिहिली आहे याने फार फरक पडतो. ‘अहवाल’ असे लिहिलेली ओळ आठवडाभर तशीच राहते. ‘मंगळवारी सकाळी दहा वाजता अहवालाचा खर्चाचा भाग लिहायचा’ ही ओळ हलते. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये दाखवले की अपुरे राहिलेले काम दुसरे काही करताना मनात डोकावत राहते, पण ते केव्हा आणि कसे करायचे याचा नेमका बेत केला, तर काम झालेले नसतानाही ते डोकावणे थांबते. निघण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याची यादी वेळेसह लिहिण्याचा एवढा तरी लाभ घ्यावा.

यादी नीट केली तरी कामे ठरल्या वेळेत का होत नाहीत?

अंदाजच चुकतो, आणि तो जवळपास नेहमी एकाच दिशेने चुकतो. डॅनियल काहनमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ म्हणजे नियोजनातली चूक असे नाव दिले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तो किती दिवसांत होईल असे विचारले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळे बिनसले तर किती लागतील याचे उत्तर सुमारे ४९ दिवस होते. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. म्हणजे सर्वांत वाईट अंदाजदेखील आशावादीच निघाला.

याला उपाय म्हणून ‘अंदाज दुप्पट करावा’ असे सांगितले जाते, पण ते मला पटत नाही. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये उपहासाने लिहून ठेवले आहे की काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत पसरते. दुप्पट वेळ दिला तर तोही भरतो. त्यापेक्षा मागच्या वेळी असेच काम किती दिवसांत झाले होते ते पाहावे. जुन्या फाइलची पहिली आणि शेवटची तारीख संगणकावर असतेच. काम कसे करणार आहोत याचे चित्र रंगवण्यापेक्षा ती तारीख अधिक खरे सांगते, आणि वरिष्ठांपुढे मुदत वाढवून मागताना पुरावा म्हणूनही उपयोगी पडते.

पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती, ही पद्धत उपयोगी आहे का?

कामाला हात घालणे जड जात असेल तर आहे. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून ही पद्धत सुरू केली, म्हणून तिला टोमॅटोचे इटालियन नाव, पोमोदोरो, मिळाले. कंटाळवाणी नोंदणी, बिले तपासणे, साचलेल्या मेलना उत्तरे देणे यांसाठी ती छान चालते. लिहिणे, गुंतागुंतीची गणिते किंवा प्रोग्रॅममधली चूक शोधणे अशा कामांत मात्र मन लागायलाच वीस मिनिटे जातात आणि पंचविसाव्या मिनिटाला वाजणारी घंटा हाच नवा व्यत्यय ठरतो. अशा वेळी नव्वद मिनिटांचा सलग तुकडा कॅलेंडरमध्ये रोखून ठेवावा. ‘व्यग्र’ असे लिहिलेला रकाना दुसरे कोणी आले की सहज सरकवला जातो. ‘खर्चाच्या भागाचे लेखन’ असे लिहिलेला रकाना सरकवायला लोक कचरतात.

बैठका कशा कमी कराव्यात?

सर्व बैठका टाळता येत नाहीत, पण त्यांची लांबी कोणी ठरवली हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. बहुतेक वेळा ती कॅलेंडरच्या ॲपने ठरवलेली असते. नवी बैठक टाकली की रकाना आपोआप अर्ध्या तासाचा किंवा तासाचा पडतो, आणि पंधरा मिनिटांचा विषय तेवढा पसरतो. गूगल कॅलेंडर आणि आउटलुक या दोन्हींत बैठक पाच-दहा मिनिटे आधी संपवण्याची सेटिंग आहे. एकदा चालू केली की दोन बैठकांमध्ये निदान पाणी प्यायला आणि मागच्या बैठकीतले टिपून ठेवायला जागा राहते.

बोलावण्यापूर्वी साधा गुणाकार करावा. आठ जणांची तासाभराची बैठक म्हणजे एका माणसाचा कामाचा पूर्ण दिवस. एवढा दिवस खर्चून काय ठरवायचे आहे, हे आमंत्रणात एका वाक्यात लिहिता येत नसेल, तर बैठकीची वेळ अजून आलेली नाही. केवळ माहिती द्यायची असेल तर लिहून द्यावी. मतभेद असतील, वाईट बातमी सांगायची असेल किंवा तीन मेल होऊनही गैरसमज मिटत नसेल, तर मात्र समोरासमोर बसण्याला पर्याय नाही. तेथे मेल वाढवत नेणे हाच वेळेचा अपव्यय आहे.

व्हिडिओ बैठकांचा थकवा काल्पनिक नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये त्याची कारणे मांडली: चेहरे फार जवळून आणि सतत पाहावे लागणे, स्वतःचा चेहरा आरशासारखा समोर असणे, जागचे हलता न येणे, आणि मान डोलावण्यासारख्या साध्या खुणाही जाणीवपूर्वक कराव्या लागणे. स्वतःचे चित्र लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते. दोघांचेच बोलणे असेल तर कॅमेरा बंद ठेवून साधा फोन करावा आणि चालत बोलावे.

कामाचे बारा ग्रुप आहेत. त्यांतून बाहेर पडणे बरे दिसत नाही.

बाहेर पडू नये. आवाज बंद करावा आणि दिवसातून एकदा चाळावेत. ज्यात आपले नाव घेऊन विचारले जाते तेवढ्याच ग्रुपकडे अधिक लक्ष द्यावे. मेलमधील सीसीचेही तेच: आपले नाव केवळ सीसीमध्ये असलेले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणारा नियम एकदा करून ठेवला की मुख्य इनबॉक्स हलका होतो. ‘सर्वांना उत्तर’ दाबून पाठवलेले ‘धन्यवाद’ चाळीस जणांना पोहोचते, याची आठवण सर्वांना अधूनमधून द्यावी लागते.

कार्यालयात दर सहा महिन्यांनी नवे ॲप येते. काय करावे?

नव्या साधनाबद्दल एकच प्रश्न विचारावा: हे आल्यावर कोणते जुने बंद होणार? ‘कोणतेच नाही’ असे उत्तर आले, तर माहिती शोधण्याच्या जागांमध्ये आणखी एकाची भर पडणार आहे असे समजावे. पन्नासपैकी दहा जण नव्या ॲपवर, तीस जण मेलवर आणि दहा जण व्हॉट्सॲपवर काम करतात, आणि मग तिन्हींकडे पाहणे सर्वांच्याच नशिबी येते. मध्यम दर्जाचे पण सर्वजण वापरत असलेले साधन बरे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वेळ वाचवतात का?

वाचवतात, पण तपासण्याचा वेळ धरून हिशेब करावा. लांबलचक मेलसाखळीचा गोषवारा, कच्चा मसुदा, कोष्टकातले सूत्र यांसाठी ती उपयोगी आहेत, कारण निकाल बरोबर आहे की नाही हे आपल्याला पाहता येते. जो विषय आपल्याला अजिबात येत नाही त्यात त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांचे दाखले निघाले. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. शिवाय ग्राहकांची माहिती, पगाराचे आकडे किंवा न झालेले करार अशा साधनात टाकण्यापूर्वी कार्यालयाची लेखी परवानगी आहे का, हे पाहावे.

कामाचे तास संपल्यावर येणाऱ्या मेसेजना उत्तर देणे बंधनकारक आहे का?

ते देशाच्या कायद्यावर आणि नोकरीच्या करारावर अवलंबून आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कर्मचाऱ्यांशी या विषयावर वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये, अपवादात्मक परिस्थिती वगळता, विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचे बंधन मालकावर घातले. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला कामाच्या वेळेबाहेर आलेले निरोप न वाचण्याचा आणि त्यांना उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र नकार अवाजवी नसावा अशी अट आहे. या कायद्यांनी मेल पाठवणे थांबलेले नाही. उत्तर न देणाऱ्याला बोल लावता येणार नाही एवढे झाले आहे.

कायदा काहीही असो, आपण स्वतः रात्री लिहिलेला मेल सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावून पाठवता येतो. वरिष्ठांनी ही सोय तर वापरलीच पाहिजे, कारण त्यांचा ‘सवडीने पाहा’ हा शेरा हाताखालच्या माणसाला सवडीचा वाटत नाही.

चॅटमधील हिरव्या ठिपक्यावरून मी कामावर आहे की नाही हे पाहिले जाते. त्यावर उपाय काय?

माउस आपोआप हलवणारी यंत्रे घेणे हा उपाय नव्हे. ती पकडली जातात आणि मग झालेल्या कामाबद्दलही संशय घेतला जातो. कोणती माहिती नोंदवली जाते, ती कोण पाहते आणि किती काळ ठेवली जाते, हे लेखी विचारावे. त्याचबरोबर आठवड्याच्या शेवटी काय पुरे झाले याची पाच ओळींची नोंद आपणहून पाठवत जावी. ज्याच्याकडे कामाची नोंद असते त्याच्या ठिपक्याकडे सहसा कोणी बघत बसत नाही.

सुट्टीवरून परतल्यावर सहाशे मेल साचलेले असतात. सुरुवात कोठून करावी?

सर्वांत नव्या मेलपासून. जुन्यापासून सुरुवात केली की दहा दिवसांपूर्वीच्या प्रश्नाला आपण मन लावून उत्तर देतो आणि चार मेल पुढे गेल्यावर तो केव्हाच सुटल्याचे कळते. मेल संभाषणानुसार एकत्र दिसतील अशी मांडणी करावी, प्रत्येक साखळीतला फक्त शेवटचा मेल वाचावा, आणि आपल्याकडून अजूनही काही हवे आहे अशा साखळ्या बाजूला काढाव्यात. सहाशेतून त्या तीस-चाळीसच निघतात. डाइमलर या जर्मन कंपनीने तर सुट्टीच्या काळात आलेले मेल आपोआप पुसले जातील अशी सोय कर्मचाऱ्यांना दिल्याची बातमी २०१४ मध्ये गाजली होती. पाठवणाऱ्याला तसे कळवले जाई आणि निकड असेल तर कोणाशी बोलावे तेही सांगितले जाई. एवढे धाडस प्रत्येकाला जमणार नाही, पण सुट्टीच्या स्वयंचलित उत्तरात ‘परतल्यावर जुने सर्व मेल वाचणे शक्य होईलच असे नाही, विषय तेव्हाही शिल्लक असल्यास कृपया सोमवारनंतर पुन्हा लिहावे’ असे घालायला हरकत नसते. मी घालतो. पुन्हा लिहिणारे दहापैकी दोघेच असतात. आणि परतण्याची तारीख त्या उत्तरात एक दिवस पुढची द्यावी, म्हणजे पहिला दिवस साचलेल्या मेलसाठी मोकळा मिळतो.